फिरवणं वेगळं, फ्लिप करणं वेगळं : ‘उलटं जग’च्या नियमांबद्दल काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तिच्यात राग आहे, पण प्रश्न खरे आहेत, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘उलटं जग’ या फोटो चॅलेंजसाठी काकांनी पुण्याच्या महात्मा फुले मंडईपाशी साचलेल्या डबक्याचा फोटो पाठवला होता. तो फ्लिप केलेला, म्हणजे आरशातल्यासारखा खालून वर पालटलेला होता, म्हणून मी यादीत घेतला नाही. काकांचं म्हणणं असं की फ्लिप करा नाहीतर फिरवा, उलटं ते उलटंच. उलट, फ्लिप केल्यावर डबक्यातल्या दुकानाच्या पाटीची अक्षरं सरळ वाचता येतात, तेव्हा तीच पद्धत बरोबर. मल्लखांबावरच्या मुलाचा फोटो मात्र मी घेतला, आणि त्यात तर मुलगा चक्क सरळ दिसतोय. मोबाइलवर फोटो काढणाऱ्या एकांना फोटो पुन्हा पाठवू दिला, हा पक्षपात झाला. आणि चाळीस वर्षं कॅमेरा हाताळलेल्या माणसाला हा सगळाच प्रकार पोरखेळ वाटतो.

नियम जसा दिला होता तसा पुन्हा देते : ‘फोटो १८० अंशांत फिरवून पाठवावा. फ्लिप किंवा मिरर केलेला चालणार नाही. कड कापणं, उजेड-सावली सुधारणं चालेल.’ तो पहिल्या दिवसापासून हाच आहे, आणि तुमची प्रतिक्रिया वाचूनही तो बदलावा असं मला वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगते.

तुम्ही फिल्मवर काम केलंय, तेव्हा डार्करूमपासूनच सुरुवात करू. निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह घालताना डोकं-पाय उलटे झाले तर काय बिघडतं? काही नाही. प्रिंट धुऊन वाळली की हातात फिरवून धरायची. पण इमल्शनची, म्हणजे रसायनाच्या थराची बाजू खाली कागदाकडे न राहता वर दिव्याकडे गेली तर? मग ती प्रिंट कितीही फिरवा, डाव्या मनगटावरचं घड्याळ उजव्यावरच राहणार, पदर भलत्या खांद्यावर जाणार आणि पाट्या आरशात बघून वाचाव्या लागणार. स्लाइडचंही तेच. प्रोजेक्टरमध्ये स्लाइड डोकं खाली करूनच घालतात, भिंग तिला पडद्यावर सरळ करतं. तीच पालथी घातली गेली की बघणाऱ्यांतलं कुणीतरी लगेच ओरडतं. फिरवणं म्हणजे डोकं-पाय बदलणं, आणि फ्लिप म्हणजे ही पालथी घातलेली स्लाइड. हा फरक तुमच्या हातांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. कॉम्प्युटरवर दोन्ही बटणं शेजारी-शेजारी असतात, म्हणून तो दिसेनासा होतो.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पृथ्वीचं आहे. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ मधून चंद्राकडे जाताना अंतराळवीरांनी अख्ख्या पृथ्वीचा फोटो काढला, तो ‘ब्लू मार्बल’ म्हणून जगभर ओळखला जातो. मूळ फोटोत दक्षिण ध्रुव वर आहे. अंटार्क्टिकाचा बर्फ माथ्यावर आणि अरबस्तान तळाशी. छापताना तो फिरवला गेला, आणि आफ्रिका आपल्या नकाशातल्यासारखी दिसू लागली. आता कल्पना करा, तेव्हा कुणी तो फिरवण्याऐवजी खालून वर फ्लिप केला असता तर? उत्तर दिशा वर आली असती, अंटार्क्टिका खाली गेली असती, वरवर सगळं जागच्या जागी. फक्त मादागास्कर आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिकात जाऊन बसला असता. अशी पृथ्वी कुठेच नाही. फिरवलेला फोटो खरा राहतो, कारण बघणाऱ्याने कागद उलटा धरला की मूळ दृश्य परत मिळतं. फ्लिप केलेल्यातून ते परत मिळवायला आरसा लागतो.

आता तुमच्या फोटोकडे येते. तो मला फार आवडला होता, आणि म्हणूनच बाजूला ठेवताना वाईटही वाटलं. मंडईचा मनोरा डबक्यात पूर्ण उतरलाय. पाण्यावर कोथिंबिरीची एक काडी तरंगतेय आणि तिच्याभोवती मनोऱ्याची कड किंचित थरथरल्यासारखी मोडलीय. वरच्या काठाला सायकलच्या चाकाची जेमतेम बोटभर कड आली आहे. मनोऱ्याच्या बाजूला ती दुकानाची पाटी.

तुमचा मुद्दा मान्य आहे की फ्लिप केल्यावर पाटी सरळ वाचता येते. पाण्यात अक्षरं खाली-वर उलटतात, फ्लिपने ती पुन्हा खाली-वर होतात आणि हिशोब पुरा होतो. पण माझी हरकत नेमकी तिथेच आहे. पाटी सरळ झाली की पाणी पुसलं जातं. बघणाऱ्याला वाटतं, ओल्या काचेतून काढलेला मंडईचा फोटो आहे, आणि तो पुढे सरकतो. तोच फोटो १८० अंशांत फिरवून बघा. मनोरा सरळ उभा राहील, आकाश वर येईल, पण पाटीची अक्षरं आरशातल्यासारखी उजवीकडून डावीकडे जातील. तिथे नजर अडते. माणूस परत वर-खाली बघतो, मग काडी दिसते, मग चाक, आणि मग कळतं की हे पाणी आहे. तुम्ही टिपलेली गोष्ट तीच आहे ना?

आणखी एक. पाण्यातलं दृश्य म्हणजे वरच्या दृश्याची हुबेहूब नक्कल नसते. कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकंच पाण्याखाली जाऊन वर बघितलं तर जे दिसेल ते डबक्यात दिसतं. म्हणून तुमच्या फोटोत पाटीवरच्या पत्र्याची खालची बाजू दिसते, तिथला लोंबणारा बल्बही दिसतो. रस्त्यावर उभं राहून तो तसा दिसला नसता. आपण प्रतिबिंबांना इतके सरावलेलो असतो की हे बारकावे सुटतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९६१ साली मातीस या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र, होडी आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब, ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. वर प्रतिबिंब गेलंय आणि खाली होडी, हे रोज चित्रं बघणाऱ्यांच्याही लक्षात आलं नाही. प्रतिबिंबांचे फोटो या चॅलेंजमध्ये हवेत असं मला वाटतं ते याचसाठी.

मल्लखांबाचा फोटो. तुम्ही म्हणता मुलगा सरळ आहे, मग उलटं काय? मुलगा खरोखर उलटा लटकला होता, पायांची अढी घालून, डोकं जमिनीकडे. फोटो फिरवला म्हणून तो सरळ झाला आणि जमीन वर गेली. नियम फोटो फिरवण्याचा आहे, फोटोतला माणूस उलटा दिसलाच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. आणि त्या फोटोत काय-काय घडलंय बघा. केस सगळे वर उभे. गळ्यातला काळा दोरा हनुवटीवरून वर कपाळाकडे गेलाय. चेहरा रक्ताने लालबुंद, कपाळाची शीर फुगलेली, आणि तरी तोंडावर शांतपणा. खांब वरून खाली निमुळता होत आलाय आणि टोकाचं बोंड तळाशी आहे. एरंडेलाने चकाकणाऱ्या लाकडावर मांड्या किती घट्ट दाबल्या आहेत ते सरळ फोटोत कळत नाही, कारण तिथे आपण ‘मल्लखांब’ बघतो आणि पुढे जातो. इथे तो मुलगा आकाशातून वर फेकला गेल्यासारखा वाटतो, आणि त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, त्याची अढी. माझ्या मते आतापर्यंत आलेल्या फोटोंत नियमाचा सगळ्यात चांगला उपयोग याच फोटोत झालाय.

मोबाइलवाल्यांची अडचण पूर्णपणे तांत्रिक होती. डबक्याचा फोटो काढताना लेन्स पाण्याच्या जितकी जवळ न्याल तितकं प्रतिबिंब मोठं मिळतं. फोनची लेन्स वरच्या टोकाला असते, म्हणून फोन उलटा धरून टोक पाण्याशी न्यायचं. पण फोनमधल्या सेन्सरला खाली कुठे आणि वर कुठे हे कळतं. तो फोटोसोबत एक आकडा नोंदवून ठेवतो, आणि दाखवणारं अ‍ॅप तो आकडा वाचून फोटो सरळ करून दाखवतं. त्यामुळे फोन उलटा धरला तरी फोटो उलटा होत नाही. शिवाय काही अ‍ॅप तो आकडा वाचतात, काही वाचत नाहीत, म्हणजे पाठवणाऱ्याला एक दिसतं आणि मला दुसरंच. त्या ताईंनी फोटो खरोखर उलट्या फोनने काढला होता, माझ्याकडे तो सरळ आला. मी त्यांना गॅलरीत फोटो दोनदा फिरवून, सेव्ह करून पाठवायला सांगितलं. तुम्हालाही मी लिहिलं होतं की मूळ फोटो फ्लिप न करता फिरवून पाठवा. सवलत दोघांना एकच होती.

योगायोगाने या नोंदीतच आपल्या वादाचं उत्तर आहे. या ओरिएंटेशनच्या नोंदीत १ ते ८ आकडे असतात. १ म्हणजे फोटो आहे तसा, ३ म्हणजे १८० अंशांत फिरवलेला, आणि खालून वर फ्लिप केलेल्यासाठी वेगळा आकडा आहे, ४. फाइलची ही रचना ठरवणाऱ्यांनीही दोन्ही गोष्टी एका खणात टाकल्या नाहीत.

राहिला पोरखेळ. काका, हा शब्द मला लागला, आणि तो माझ्यासाठी नाही तर या प्रकारासाठी लागला. स्टुडिओतले जुने फोटोग्राफर काळ्या कापडाखाली डोकं घालून दुधी काचेवर काय बघायचे? उलटं चित्र. डोकं खाली, पाय वर, डावं उजवीकडे. म्हणजे बरोबर १८० अंशांत फिरलेलं, कारण भिंग तेच करतं. लग्नाचे ग्रुप फोटो, पुढाऱ्यांची पोर्ट्रेट, सगळं अशा उलट्या चित्रावरून जमवलेलं असायचं. उलट्या चित्रात ‘हे आजोबा, ही आत्या’ असं वाचन मागे पडतं आणि कुठे काळं जास्त झालं, कुठे जागा रिकामी पडली, कोण कडेला कापलं जातंय, ते आधी दिसतं. आताच्या कॅमेऱ्यांनी आपल्याकडून ती सवय काढून घेतली. ती परत लागावी म्हणून मी हे चॅलेंज ठेवलं.

उजेडाचंही शिकायला मिळतं. आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो. कार्ले किंवा नाशिकच्या पांडवलेण्यांत भिंतीवर कोरलेले ब्राह्मी लेख आहेत. वरून तिरपा उजेड असताना त्यांचा जवळून फोटो काढा आणि फिरवा, खोल कोरलेली अक्षरं उठावाची वाटायला लागतात. उपग्रहांच्या फोटोंत हा घोळ नेहमी होतो. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन दक्षिणेच्या बाजूने येतं आणि फोटो उत्तर वर धरून दाखवतात, त्यामुळे सह्याद्रीतल्या दऱ्या डोंगररांगांसारख्या भासतात. फोटो फिरवला की दरी परत दरी होते. सावली कुठे पडली यावर आकार ठरतो हे पुस्तकात वाचून पटत नाही, एक फोटो फिरवून पटतं.

तेव्हा माझी विनंती अशी. मूळ फाइल तुमच्याकडे असेलच. ती उघडा, आधी केलेलं फ्लिप त्यात नाही ना ते पाटीच्या अक्षरांवरून तपासा, म्हणजे पाटी डबक्यात डोकं खाली करून दिसली पाहिजे. मग ९० अंशांत दोनदा फिरवा आणि नवीन नावाने सेव्ह करून पाठवा. कड कापायची असेल तर डावीकडची थोडी कापा, तिथे नुसता डांबरी रस्ता आहे. सायकलचं चाक मात्र कापू नका. फिरवल्यावर ते तळाशी येईल, आणि बघणाऱ्याला पाण्याचा पत्ता काडीइतकाच त्या चाकावरून लागेल. महिनाअखेरपर्यंत फोटो येत राहणार आहेत, तुमचा आला की त्याच दिवशी यादीत लावते.