काका, खोकला खरा होता हो

काका, अगरबत्ती, फिनाईलसारख्या वासांनी त्रास होतो या माझ्या पोस्टवरची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. ‘आमच्या आईने जन्म चुलीच्या धुरात काढला, तिला काही झालं नाही, तुम्हाला मेली अगरबत्ती सोसत नाही, टेस्टमध्येही सिद्ध झालंय की ही नाटकं आहेत.’

टेस्टचं मान्य. 2006 मधे अशा 37 अभ्यासांचा आढावा निघाला होता, वास झाकून केमिकल दिलं की साधी हवा दिली हे कळू दिलं नाही तर त्रास होणाऱ्यांनाही फरक ओळखता येत नव्हता. मी पोस्टमधे सरसकट ‘ॲलर्जी’ लिहिलं तेही चुकलंच, हेअर डायने टाळू सुजते ती ॲलर्जी, हे प्रकरण वेगळं. पण यात ‘नाटक’ कुठून आलं?

माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत बाथरूममधे ब्लीचिंग पावडर टाकली, डाग जाईनात म्हणून वरून ॲसिड ओतलं (अक्कल!), क्लोरीन निघाला, खिडकी एवढीशी, डोळ्यांतून धारा आणि पुढे तीन आठवडे खोकला. तो गेला, पण तेव्हापासून जिन्यात फिनाईलचा पोछा लागला की छाती आवळायची, आणि आपल्या इंदौरात पोछ्याचं वेड तर तुम्हाला माहीतच आहे. मग एकदा दाराशी फिनाईलची पांढरी बाटली दिसली, घसा लगेच खवखवला, मी खोकतेय आणि मावशी हसतायत, ‘ताई, यात कुंड्यांचं पाणी आहे!’

खोकला मात्र खरा होता.

बेल्जियममधे हेच मुद्दाम करून पाहिलंय, वासासोबत कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा द्यायची, धाप लागते, नंतर नुसता वास दिला तरी तक्रारी सुरू. घाणेरड्या वासाने जास्त. शरीर शिकून बसतं, विचारत नाही तुम्हाला. आणि सगळं एवढ्यावरच भागतं असंही नाही, मिरचीच्या फोडणीने ठसका लागतो ना, त्यातलं कॅप्सेसिन स्वीडनमधे अशा लोकांना हुंगायला दिलं तर ते इतरांपेक्षा जास्त खोकले, म्हणजे श्वासमार्गातल्या नसाच जरा हुळहुळ्या झालेल्या असतात. कोणात काय जास्त, ते माणसागणिक बदलतं.

आईंचं म्हणाल तर चुलीच्या धुराने फुफ्फुसं खराब होतात हे पक्कं माहीत आहे, खोकायच्या नाहीत का त्या संध्याकाळी? आठवून बघा.

मी सध्या पोछा चालू असताना मुद्दाम जिन्यात उभी राहते. आधी दोन मिनिटं, आता चार. मावशी अजून हसतात.