कुरणशाळा आणि पटसंख्या

माझी साडेचार वर्षांची मुलगी रोज सकाळी जंगलात जाते. जर्मनीत, येना शहराच्या कडेला, बीचच्या झाडांखाली तिची बालवाडी भरते. इमारत नाही. चाकांवरची एक लाकडी खोली आहे, तिचा वापर थंडी फारच कडक असेल तेव्हा. पाऊस असला की रबरी विजारी चढवून मुलं चिखलात बसतात, काटक्या मोजतात, गोगलगायी बघतात. हे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले तेव्हा पुण्याच्या भावंडांनी जर्मन लोकांचं तोंडभर कौतुक केलं. जव्हारच्या मावशीने मात्र फोनच केला. "अगं, ही तर कुरणशाळा! कोसबाडला हेच शिकलो आम्ही."

मावशी ऐंशीच्या दशकात डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला बालवाडीचं प्रशिक्षण घेऊन आली आणि निवृत्त होईपर्यंत एका पाड्यावर शिकवत राहिली. कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या अनुताई वाघांना तिने जवळून पाहिलं होतं.

अनुताई १९१० सालच्या, मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. त्या शिकल्या, चांदवडला आणि मग पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. पुण्यातली स्थिर नोकरी सोडून १९४५ मध्ये त्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. तिथे बालवाडी काढली, पण वस्तीतली गरीब मुलं येईनात. मग या दोघींनी वस्तीतलं अंगण झाडून तिथेच वर्ग भरवला. अंगणवाडी हा शब्द अशा अंगणातून आलेला आहे. १९७५ मध्ये केंद्र सरकारची योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला.

१९५७ मध्ये त्या कोसबाडला, वारली पाड्यांमध्ये आल्या. तिथली अडचण वेगळी होती. मोठी मुलगी शाळेत येत नसे, कारण धाकटं भावंड तिच्या कडेवर असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मुलगा येत नसे, कारण तो गुरांमागे रानात असे. म्हणून शिक्षक गुरांमागे गेले, ती कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, पानं, शंख-शिंपले, खडे ही साधनं झाली. १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावर सगळा भार अनुताईंनी उचलला आणि १९९२ मध्ये, शेवटपर्यंत कोसबाडचं काम करत, त्या गेल्या. जर्मनीत सरकारी मान्यता मिळालेली पहिली जंगल-बालवाडी फ्लेन्सबुर्गला उघडली ती त्यानंतरच्या वर्षी.

हे मी अभिमानाने सांगते आहे, पण त्याहून जास्त काळजीने. घरी, महाराष्ट्रात, सध्या वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचा वाद चालू आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने पानशेत आणि तोरणमाळ इथल्या एकत्र केलेल्या शाळांचा दाखला देत समूह शाळांची कल्पना मांडली: लहान शाळा एकत्र आणायच्या, मुलांना बसने न्यायचं. बाजू घेणारे म्हणतात, चार मुलांच्या शाळेत खेळाला सवंगडी नाहीत, एकच शिक्षक सगळे वर्ग सांभाळतो, प्रयोगशाळा नाही. यातलं काहीही खोटं नाही. सातवी-आठवीच्या मुलासाठी, रस्ता आणि वाहन खरंच असेल तर, मलाही मोठी शाळा चांगली वाटते.

पण सहा वर्षांच्या मुलाला हा हिशेब लावायचा नाही. त्या वयाच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असं शिक्षणहक्काचे नियमच सांगतात. पट वीसच्या खाली का गेला, हेही कुणी पाड्यावर जाऊन विचारत नाही. जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, मुलं बरोबर जातात. काही घरं कर्ज काढून पोरांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतात, कारण पाड्यावरचे शिक्षक निवडणूक, सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेले त्यांना दिसतात. शिक्षकाला अशा कामांना जुंपून ठेवायचं आणि मग पट घसरला म्हणून शाळाच उचलायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

इथेही मुलं कमी झाली आहेत. पूर्व जर्मनीत जन्म घटलेत आणि आमच्या थ्युरिंगेनमध्ये बालवाड्या बंद पडताहेत. हा तोच प्रदेश, जिथे बाड ब्लांकेनबुर्गला शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८३७ मध्ये किंडरगार्टनची सुरुवात केली. म्हणजे इकडचं सगळं सोनं नाही. फरक वादाच्या विषयात आहे. इथे पालक आणि शिक्षिका मागणी करतात की मुलं कमी झालीत तर एका बाईंकडे कमी मुलं द्या, बाईंना कमी करू नका. मुलीच्या गटात तीन ते सहा वयाची मुलं एकत्र असतात आणि मिश्र वयाचा वर्ग म्हणजे गैरसोय, असं कुणाला वाटत नाही. पाड्यावर एका खोलीत पहिली ते चौथी बसली की आपण तिला मागासलेली शाळा का म्हणतो?

गेल्या रविवारी मावशीला विचारलं, तुमच्या शाळेचं काय ठरलं. पट अकरा आहे. मोठ्या शाळेत हलवायची बोलणी चालू आहेत आणि बस येईल असं सांगितलंय.

"बस पाड्यावर नाही यायची गं, फाट्यावर थांबणार," मावशी म्हणाली. "फाटा दीड किलोमीटर. मध्ये ओढा आहे. आषाढात मोठी माणसंसुद्धा हात धरून उतरतात त्यात. आणि धाकट्याला कडेवर घेतलेली पोरगी त्या बसमध्ये कशी चढेल, ते एकाने तरी विचारलं का?"