कापल्याचे १८ सेंट

"कापून देऊ?"

एवढंच विचारलं काउंटरवरच्या माणसाने आणि मी बेसावधपणे हो म्हणालो. सकाळचे साडेसात, जागा न्यूयॉर्क शहरातलं क्वीन्स, डोक्यावरून ७ नंबरची ट्रेन खडखडत चाललेली. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. पाटीवर बेगल २ डॉलर. मशीनवर २ डॉलर १८ सेंट.

"हे १८ कसले?"

"कापला ना."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण न्यूयॉर्क राज्याचा नियमच आहे तसा. अख्खा बेगल पिशवीत घालून घरी नेलात तर तो किराणा, कर नाही. त्यावरून सुरी फिरली की ते तयार अन्न, आणि शहरातला कर ८.८७५ टक्के. चीज लावलं तरी कर, तिथेच बसून खाल्लात तरी कर. (बेगल न पाहिलेल्यांसाठी: पावाचा प्रकार, दिसायला मेदूवडा, चावायला मेदूवड्याचा सासरा.) याच शहरात ११० डॉलरच्या आतला शर्ट घेतला तर कर शून्य. त्याला बटणांची सात भोकं कापलेली असतात, ती चालतात.

"पहिली चूक, हो म्हणालास," मागून आवाज आला.

सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी टिश्यूची पुरचुंडी काढली आणि आपल्याकडे म्हातारी माणसं कवळी काढतात तशा हलक्या हाताने सोडली. आत लोण्याची बोथट सुरी.

"बाहेर बाकावर बसायचं, स्वतः कापायचं. आठवड्याला पाच बेगल. वर्षाला ४६ डॉलर ८० सेंट वाचतात."

हिशेब त्यांनी तोंडपाठ सांगितला, पाढ्यासारखा. मग काउंटरकडे वळून म्हणाले, "याला अख्खा दे."

"आणि या कापलेल्याचं काय करू?"

"जोड परत."

रांगेतल्या कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मी निघायला हवं होतं, पण आजोबांनी माझं वकीलपत्र घेतलं होतं. कापू का असं विचारलं, कर लागेल असं सांगितलं का? नाही ना? मग संमती कसली? बोलता बोलता त्यांचा डावा तळवा वर झाला. त्यावर अंगठ्याखालून करंगळीकडे गेलेला पांढरा व्रण.

"हे काय?"

"बेगल. सुरी घसरली. तीन टाके."

"इमर्जन्सीत गेला होतात? बिल किती आलं?"

आजोबांनी छताकडे पाहिलं. मग बेगलच्या टोपल्यांकडे. "इथला कांद्याचा चांगला असतो," ते म्हणाले.

शेवटी मला अख्खा बेगल मिळाला. कापलेला त्या माणसाने बाजूला सरकवला आणि रेशनच्या दुकानात जादा साखर मागितल्यावर मिळते तशी नजर मला दिली. आमच्या डोंबिवलीचा बेकरीवाला पाव कापून, मस्का फासून, वर कागदात गुंडाळून द्यायचा. कापायचे पैसे मागितले असते तर गल्लीने त्याला कापला असता.

त्या १८ सेंटमधला पाऊण सेंट म्हणे सार्वजनिक वाहतुकीला जातो. म्हणजे माझ्या डोक्यावरच्या त्या ट्रेनला. या शहरात सबवेचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, तिकीट १९०४ पासून १९४८ पर्यंत, तब्बल ४४ वर्षं, पाच सेंट होतं. जानेवारी २०२६ पासून ते ३ डॉलर झालंय आणि कित्येक शनिवार-रविवार दुरुस्तीसाठी गाडी बंद. गंमत म्हणजे सेंटचं नाणं पाडणंही सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवलं, कारण एक सेंट पाडायला पावणेचार सेंटच्या आसपास खर्च येत होता. जे नाणं सरकारला परवडत नाही, त्यातली अठरा माझ्याकडून हवीत.

आता खरं सांगतो. त्याच सकाळी, अंथरुणातच, घरमालकाच्या कंपनीची मेल आली होती. भाडं २,६०० वरून २,८००. घर भाड्याने घेताना इथे वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या ४० पट आहे का ते बघतात, म्हणजे आज नव्याने हेच घर मागायला गेलो तर १,१२,००० डॉलरची कमाई दाखवावी लागेल. वाढलं काय, तर भाडं. स्वयंपाकघराचा नळ मार्चपासून ठिबकतोय तो ठिबकतोयच. मी दोन मिनिटं मेल वाचली आणि फोनवर बोटाने सही करून टाकली. कुणाला 'कसले?' म्हणून विचारलं नाही. विचारायला समोर कुणी नव्हतंच, नुसता एक चौकोन होता, सही करा म्हणणारा.

घरी आलो. चांगली सुरी डिशवॉशरमध्ये, म्हणून तुळशीबागेतून आणलेली विळी काढली, फरशीवर बसलो आणि बेगल उभा धरून सपकन दोन भाग केले. सगळी हकिगत बायकोला सांगितली, व्रणासकट.

तिने एक अर्धा उचलला आणि म्हणाली, "एवढं भांडलास, तर दोन आणायचे ना."