‘पोट भरलेल्यांनी संयमाचे धडे देऊ नयेत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई (‘एक आई’ एवढीच सही आहे, म्हणून ताई म्हणते), नैवेद्याच्या मोदकावरचा माझा लेख तुम्हाला आवडला नाही, हे समजलं. नैवेद्य होईपर्यंत मुलांना थांबायला लावणं हेच संयमाचं पहिलं शिक्षण, असं मी लिहिलं होतं आणि जोडीला मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या मार्शमेलोच्या प्रयोगाचा (मुलापुढे मार्शमेलोसारखा गोड खाऊ ठेवायचा, थोडं थांबलास तर जास्त मिळेल म्हणायचं, आणि ते किती वेळ थांबतं ते पाहायचं) दाखला दिला होता. तुमचं म्हणणं असं की तो प्रयोग आता तेवढा टिकत नाही, घरच्या परिस्थितीचा मुद्दा मी गाळला, नोकरी करणाऱ्या आयांना मी अपराधी वाटायला लावते. आणि शेवटी, ‘पोट भरलेल्यांनी संयमाचे धडे देऊ नयेत.’

एक चूक आधी मान्य करते. स्टॅनफर्डच्या बिंग नर्सरी स्कूलमधल्या सगळ्याच मुलांपुढे मार्शमेलो ठेवला होता असं मी लिहिलं. तसं नव्हतं. काहींना बिस्किट, काहींना प्रेट्झेल होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ते शेवटचं वाक्य. ते लिहिण्याआधी तुम्ही मला एकदा विचारायचं तरी होतंत.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, आम्ही लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण. अडीच लाख कामगार संपावर होते हे मी खूप नंतर वाचलं. तेव्हा मला कळत होतं ते एवढंच, की वाण्याची वही घेऊन जायला आई मला पाठवते, कारण लहान मुलीला तो घालूनपाडून बोलत नाही. पोट भरलेलं असणं म्हणजे काय, हे मला तुम्ही सांगू नका.

त्या वर्षी गणपतीला आमच्याकडे एकवीसऐवजी पाच मोदक झाले. गूळ शेजारच्या काकूंकडून आणलेला. आम्ही तिघं भावंडं पाटासमोर बसलो होतो, आणि आरती संपता संपत नव्हती, कारण मजल्यावरचे सगळे आले होते. धाकटा भाऊ चार वर्षांचा. त्याने मोदकाकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून टाळ्या वाजवत राहिला. मिशेलच्या खोलीतली मुलं डोळे झाकत होती, गाणी म्हणत होती, तेच हे. समोरची वस्तू नजरेआड केली की थांबणं सोपं जातं, हे त्यांच्या प्रयोगात दिसलं होतं आणि ते शिकवता येतं. माझ्या भावाला कोणी शिकवलं नव्हतं. आई म्हणाली होती, ‘आरती झाली की मिळेल,’ आणि मिळाला. पाहुण्यांना देऊन अर्धा अर्धा, पण मिळाला. गरिबाचं मूल थांबू शकत नाही असं तुम्ही म्हणता, तेव्हा तुम्ही आमच्या आईचा अपमान करता, ताई. तुमच्या लक्षात आलं नसेल, पण करता.

(आता तुम्ही म्हणाल, ‘असं मी म्हटलंच नाही.’ तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आहे. शब्द तसे नसतील, सूर तसाच आहे.)

2018 चं वॉट्स, डंकन आणि क्वॅन यांचं संशोधन तुम्ही मला वाचायला सांगता. वाचलं आहे. 918 मुलं, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशोबात घेतल्यावर लहानपणी थांबता येणं आणि पुढची प्रगती यांतला संबंध बराच कमी झाला, हे खरं. कमी झाला. ‘प्रयोग खोटा ठरला’ हे तुमचे शब्द आहेत, त्यांचे नाहीत. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या 2013 च्या प्रयोगाबद्दलही तुम्ही लिहिलं आहे. 28 मुलं होती. ज्या मोठ्या माणसाने आधी चांगले रंगखडू आणतो म्हणून शब्द मोडला, त्याच्यासाठी मुलं सरासरी तीनच मिनिटं थांबली, शब्द पाळणाऱ्यासाठी बारा. मग मी दुसरं काय म्हणतेय? मुलाला दिलेला शब्द पाळा. त्याला पैसे लागत नाहीत.

लागत नाहीत असं मी म्हणते, कारण आमच्या घरात पाळला गेला. संपाच्या दुसऱ्या वर्षी वडिलांनी दप्तराचा शब्द दिला होता, तो पाळता आला नाही, हेही लिहिते, म्हणजे मी काही लपवते असं व्हायला नको. दप्तर आलं नाही. पण ते माझ्यासमोर खाली बसले आणि ‘जमणार नाही’ असं तोंडावर म्हणाले. किती बापांना जमतं हे?

नोकरी करणाऱ्या आयांविषयी मी एक अक्षर लिहिलेलं नाही. ते तुम्ही स्वतः त्यात वाचलंत, त्यावर मी काय बोलणार.

तुमची प्रतिक्रिया उडवा असं दोघींनी मला कळवलं. उडवत नाही, जशीच्या तशी ठेवते आहे, त्या वाक्यासकट. यापुढे माझ्या लेखावर लिहाल तेव्हा मुद्द्यावर लिहा, माझ्या पोटावर नको.