पाणी कुठं मुरतंय?

कुंभार्ली घाटात, ऐन मे महिन्यात, भर दुपारी आम्ही चौघं गाडीचा हीटर फुल्ल लावून चाललो होतो. डिकीत सासुरवाडीच्या हापूसच्या चार पेट्या, मागच्या सीटवर आई पदरानं वारा घेतेय, मुलगी "बाबा, मी वितळले" म्हणून शेवटचे निरोप देतेय, आणि शेजारी बायको काहीच बोलत नाहीये. मला काळजी होती ती या शेवटच्या बाबीची.

हीटरची कल्पना माझीच. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागं दडवलेला छोटा रेडिएटर, गरम पाणी गार करायची जाळी. इंजिनाचं गरम पाणी त्यातूनही फिरतं. तो लावला की इंजिनाची थोडी उष्णता माणसांत येते आणि इंजिनाला तेवढंच हलकं वाटतं. शास्त्र चोख आहे. चिपळूणहून कराडला येताना, एसीचं बटण समोर दिसत असताना, ते घरच्यांना पटवून देणं हे मात्र वेगळं शास्त्र आहे आणि ते मला येत नाही.

पोफळी सोडली तेव्हा इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर होता. चढ लागला, चार वळणं झाली आणि काटा उठून बसला. एसी बंद केला, तर तो उभा राहिला. हीटर लावला, तर जरा थबकला आणि मग आम्हाला न जुमानता लाल पट्टीकडं निघून गेला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. आत टपरीवर चहा उतू जावा तसा आवाज. मी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात वरून उतरणाऱ्या ट्रकचा क्लीनर ओरडला, "ओ पावणं, झाकण उघडू नगा! त्वांड भाजंल!" ओळख ना पाळख, पण माझं तोंड आज आहे तसं आहे ते त्या माणसामुळं.

पाऊण तास कठड्यावर बसलो. गार झाल्यावर झाकण काढलं तर आत पाणी दिसेना. प्यायच्या सगळ्या बाटल्या गाडी प्यायली, तरी तिची तहान भागेना. तेव्हा बायकोनं कोकम सरबताची बाटली पुढं केली. "हेपण घाला." मी नाही घातलं. ती मनापासून म्हणाली होती की कसं, ते अजून विचारलेलं नाही.

कराडला पोचलो तेव्हा रात्र झाली होती आणि दोन पेट्या अढी न घालताच तयार होत्या.

गाडी २००३ सालची. पेट्रोल, चार सिलिंडर. कंपनीचं नाव सांगत नाही. वीस-बावीस वर्षं नांदलेल्या सुनेच्या दुखण्याचा बोल तिच्या माहेराला लावणं बरं दिसत नाही. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत खेटे घालून तिचं आरसी पाच वर्षांनी वाढवून आणलं, मग आणखी पाच वर्षांनी, वर ग्रीन टॅक्स भरला. स्वतःच्या तब्येतीसाठी मी एवढ्या रांगा कधी लावलेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, आणि कुठलंही इंजिन कानावर पडलं की घंटा ऐकल्यासारखे जागीच थांबतात. त्यांनी सगळी हकिकत ऐकली, हात मागं बांधले आणि बायकामुलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "हेड गॅस्केट तर नसंल?"

गाठ तर नसंल, हे ज्या सुरात विचारतात त्याच सुरात.

इंजिनाचे मुख्य भाग दोन. खाली ब्लॉक, त्यात सिलिंडर. वर हेड, त्यात व्हॉल्व्ह. या दोहोंच्या मधलं पातळ पान म्हणजे हेड गॅस्केट. त्याच्या एका भोकात पेट्रोलचे स्फोट, शेजारच्या भोकातून गार करायचं पाणी, त्याच्या पलीकडं तेल. तीन बिऱ्हाडं एका भिंतीवर नांदवायची आणि एकाचं भांडण दुसऱ्याच्या घरात जाऊ द्यायचं नाही, हे त्या पानाचं काम. चाळीत वाढलेल्याला जास्त सांगायला नको.

"म्हणजे कुकरची रिंग," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"हो, तसंच काहीसं."

"मग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. परत चालते."

"वैनी, रिंग स्वस्तच असती," काका म्हणाले, "तिच्यापर्यंत पोचायला पैसे पडतात. हेड उतरवाय लागतं."

त्या क्षणी मी ठरवून टाकलं की आपलं गॅस्केट गेलेलं नाही. पुरावे काय, नंतर गोळा करता येतील.

पहिला संशयित रेडिएटरचं झाकण. ही शिट्टी समजा. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी १०० अंशांवर न उकळता साधारण १२० पर्यंत दम धरतं. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली तर गाडी तापणारच. नवं झाकण १८० रुपयांना आलं. दोन दिवस काटा जागेवर राहिला आणि मी कॉलनीत जरा जोरात बोलू लागलो. तिसऱ्या दिवशी मलकापूरच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये काटा पुन्हा उठला.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. गॅरेजच्या मिस्त्रींनी तो काढूनच टाकला. "आपल्याकडं लागतच न्हाई सायेब, ही थंड देशाची फ्याशन." काकांना हे ऐकून मनस्ताप झाला, कारण थर्मोस्टॅट नसलं तर इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त खातं. त्यावर दोघांची जुंपली. वाद रंगला, पण माझं पाणी कमी होत होतं ते होतच होतं. रोज सकाळी अर्धा लिटर.

आता हे अर्धा लिटर जातंय कुठं? रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली. गळती असेल तर सकाळी डाग दिसेल. सकाळी कागद कोरडे ठणठणीत, वर कॉलनीतलं बोकं पसरलेलं. सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर त्यांनी पेट्यांची चौकशी केली आणि म्हणाले, "रेडिएटरात चमचाभर हळद टाका. आमच्या जीपला तीन वर्षं चालली." हा उपाय जुन्या ड्रायव्हर लोकांना माहीत असतो. हळद फुगून बारीक भोक बुजवते म्हणतात. मी टाकली. सासऱ्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून दोन चमचे टाकली.

काही गोष्टी मी कुणालाच सांगितल्या नव्हत्या. डॉक्टरला आपण श्रीखंड खाल्लेलं सांगतो का? सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर गाडी दहा-बारा सेकंद तीन सिलिंडरवर लंगडायची आणि मागून पांढरा, जड, गोडसर वासाचा धूर सोडायची. कूलंटचा, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात घालायच्या द्रवाचा, वास गोडच असतो, आणि ते विषारी असतं. धूर गेटपाशी रेंगाळायचा. एकदा दूध घालायला आलेल्या मुलानं विचारलं, "धूरफवारणी हाय का आज?"

शेवटी काकांनीच पकडलं. सकाळी सहाला, इंजिन गार असताना, मला चालू करायला सांगितलं आणि रेडिएटरचा वरचा होज पाईप मुठीत धरला. मिनिटभरात पाईप काठीसारखा टणक. "पाणी अजून कोमट पण न्हाई," काका म्हणाले, "मग हा दाब आला कुठनं?" मी गप्प. उष्णतेनं आलेला दाब नव्हता तो, सिलिंडरमधला आलेला होता. तरी मी तेलाचं झाकण उघडून दाखवलं. आत दुधाळ साय नव्हती, डिपस्टिकवरचं तेलही मधासारखं स्वच्छ. "तेलात पाणी नाही काका. गॅस्केट शाबूत."

"तेलाच्या अंगानं शाबूत. चोर पुढच्या दारानं आला न्हाई म्हंजी घरात शिरला न्हाई व्हय?"

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी पेट्रोल पेटवणारे चारही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. तीन विटकरी, भुरकट, कामकरी माणसाच्या हातासारखे. तिसऱ्या नंबरचा लख्ख पांढरा, न्हाऊन माखून बसलेला. त्या सिलिंडरात पाणी शिरत होतं आणि वाफेनं प्लग धुऊन निघत होता. मग कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजायचा, गेज लावला. १६५, १६०, आणि तिसऱ्याला ११५ पौंड, चौथ्याला पुन्हा १६०. मी लगेच म्हटलं, "पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील." मिस्त्रींनी त्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. रिंगांतून दाब निसटत असेल तर तेलानं तो वाढतो. आकडा हलला नाही. माझी आणखी एक आशा चमचाभर तेलात गेली.

आता शेवटची परीक्षा. एक पारदर्शक नळी, तिच्यात निळं पाणी, वर बीपी बघायच्या यंत्राला असतो तसा रबरी फुगा. नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवायची, इंजिन चालू ठेवायचं आणि फुगा दाबून रेडिएटरमधली हवा त्या निळ्या पाण्यातून ओढायची. जळलेल्या पेट्रोलचा वायू रेडिएटरमध्ये पोचला असेल तर निळं पिवळं होतं.

मिस्त्रींनी फुगा दाबायला घेतला. काका, मी, दोन पोरं आणि पंक्चर काढायला आलेला एक गृहस्थ, सगळे वाकून बघू लागलो. निळं. निळंच. मग जरा हिरवट. मग लग्नघरातल्यासारखं पिवळं.

"गेलं," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, थांबा. मी त्यात हळद टाकली होती."

गॅरेजमध्ये शांतता पसरली. पंक्चरवाल्या गृहस्थांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"सायेब, मी पाणी न्हाई वडलं, हवा वडली. थोडं पाणी खाली काढून घेतलंय आधीच. हळद काय हवंत उडती?"

"पण औषध जुनं असेल तर? कशानंही पिवळं होत असेल तर?"

माझ्या समाधानासाठी त्यांनी नळी धुतली, ताजं निळं पाणी भरलं आणि माझ्या हातात दिली. "फुंका." मी स्ट्रॉमधून फुंकावं तसा मनापासून फुंकलो. पाणी हिरवट झालं आणि बघता बघता पिवळं.

"आयला," मिस्त्री म्हणाले, "तुमचंपण गेलंय."

हसून काकांना ठसका लागला. खुलासा साधा आहे. ते औषध कार्बन डायऑक्साइडनं पिवळं होतं, आणि तो जसा सायलेन्सरातून निघतो तसा माणसाच्या श्वासातूनही निघतो. रेडिएटर मात्र श्वास घेत नाही, तेव्हा तिथं त्याचं काही काम नाही. औषध उत्तम होतं. ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. काकांनी सांगितली. आता मी जिना चढून धापा टाकत आलो की मुलगी विचारते, "बाबा, हेड उतरवायचं का?"

हेड उतरलं. मिस्त्रींनी जुनं गॅस्केट हातात दिलं. तिसऱ्या सिलिंडरचं भोक आणि शेजारचं पाण्याचं भोक यांच्यामधली पट्टी जळून काळी झाली होती. चीर किती, तर तांदळाच्या दाण्याएवढी. एवढ्याशा भेगेपायी मी दोन पेट्या आंबे एका आठवड्यात संपवले होते. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवली. साधारण ०.०५ मि.मी. चालून जातं, इथं ०.१५ चं पातं आरामात आत गेलं. हेड तापून वाकलं होतं. मग लेथवर फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं, नवं गॅस्केट, नवे बोल्ट. बोल्ट आवळताना मात्र मिस्त्री एकदम दुसरेच झाले. मोबाईल बाजूला, पोरांना गप्प, ठरल्या जोरानंच आवळणारा टॉर्क पाना हातात, आणि मधल्या बोल्टपासून कडेला, भाकरी थापावी तसे टप्प्याटप्प्यानं तीन फेरे. थर्मोस्टॅटही परत बसवला. काका स्टूल टाकून समोरच बसले होते.

बिल ११,४००. त्यात गॅस्केट साडेसहाशेचं. बायकोनं बिल दोनदा वाचलं. "आणि ते आधीचं झाकण, कूलंट, थर्मोस्टॅटचं पॅकिंग? पहिल्याच दिवशी काकांचं ऐकलं असतं तर?" मी हळदीचं बोललो नाही. जुनं गॅस्केट तिनं घासून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलंय. शोभेला की माझ्यासाठी, सांगत नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा चिपळूणला जाऊन आलो. घाट चढताना एसी चालू, काटा मध्यावर खिळलेला. मी पूर्ण घाट काट्याकडंच बघत होतो, रस्त्याकडं बायको बघत होती. घरी येऊन गाडी लावत होतो तर काका मागं उभे, सायलेन्सरपाशी जरा वाकून, नाक वर करून.

"हेड केल्यावर कॉम्प्रेशन वाढतं," ते म्हणाले. "मग खालच्या जुन्या रिंगा बोलाय लागत्यात, तेल वर येऊन जळतंय. धूर निळसर वाटतोय का रं जरा?"

मी गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली.

"काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा."