चढाईचा दम ऐकू येऊ द्या

काल रात्री लालबागला मुलींचे कबड्डीचे सामने बघायला गेले होते. भाची खेळत होती, उजव्या कोपऱ्यात. मॅट चांगलं, दिवे चांगले, गर्दी भरपूर. आणि मॅटच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. पहिल्या चढाईपासून डीजे सुरू झाला तो थांबलाच नाही.

चढाई करणारीने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं आणि ते पंचांना स्पष्ट ऐकू यायला हवं, हा नियम आहे. समोरच्या संघाच्या अंगणात, म्हणजे त्यांच्या बाजूच्या मैदानात, दम तुटला की बाद. आम्ही नायगावला खेळायचो तेव्हा डोळे तिच्या पायांवर आणि कान तिच्या श्वासावर असायचे. आवाज बारीक झाला की कळायचं, आता ही परत फिरणार. हात धरून साखळी केलेल्या मैत्रिणीने हाक दिली की दोघींनी एकदम झेप घ्यायची. अर्धी पकड कानांनी होते हो!

काल एका चढाईत समोरच्या मुलीचा दम तुटला म्हणून आमच्या मुली हात वर करून ओरडत होत्या. सामन्यानंतर मी पंचांना विचारलं. म्हणाले, "ताई, ओठ हलताना दिसत होते, बाकी काही ऐकूच येत नव्हतं." त्यांना कसा दोष देऊ?

नंतर एका मुलीचा गुडघा मुरगळला. ती मॅटवर कळवळत होती, तिचे वडील धावत आले, आणि वर वरातीत वाजतं तसलं नाचाचं गाणं चालूच. बंद करावंसं कोणालाच वाटलं नाही. मला रात्रभर झोप लागली नाही.

खो-खोतही 'खो' मोठ्याने द्यावा लागतो, तिथेही हीच गत. वानखेडेवर आयपीएलला केवढा दणदणाट असतो, पण गोलंदाज धावायला लागला की गाणं थांबतं. मग आपल्या मंडळांना का जमू नये?

गाणी वाजवूच नका असं मी म्हणत नाही. मुलींच्या सामन्यात 15-15 मिनिटांचे दोन डाव, मध्ये 5 मिनिटं विश्रांती. ती 5 मिनिटं घ्या, टाइमआउट घ्या, संघ मैदानात येतात तेव्हा ढोल-ताशा लावा, आम्हीही टाळ्या वाजवू. डीजेवाल्याला गुणलेखकाशेजारी बसवा आणि सामना सुरू झाला की आवाज बंद, एवढंच त्याला सांगा.

शनिवारी उपांत्य सामने आहेत. आज आयोजकांना फोन केला, "बघतो" म्हणालेत. मी तासभर आधी जाऊन डीजेवाल्याशी स्वतः बोलणार आहे. तुमच्यातलं जे कोणी कबड्डी खेळलंय, त्यांनीही आपापल्या मंडळात एक फोन करा.