'सिस.पाथ.अपेंड' हा उपाय नव्हे

पुण्यात पायथॉन शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला सर्रास फिरतो: दुसऱ्या फोल्डरमधले मॉड्यूल, म्हणजे पायथॉन कोडची फाइल, सापडत नसेल, तर प्रत्येक फोल्डरमध्ये रिकामी इनिट फाइल (__init__.py) ठेवा; तरीही जमले नाही, तर फाइलीच्या माथ्यावर सिस.पाथ.अपेंड लिहा, म्हणजे पायथॉन मॉड्यूल जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत (सिस.पाथ) आणखी एक फोल्डर जोडा, आणि रिलेटिव्ह इम्पोर्टच्या (नावापुढे टिंब देऊन, चालू पॅकेजच्या संदर्भाने केलेल्या इम्पोर्टच्या) वाटेला जाऊ नका, ते बेभरवशाचे असते.

इनिट फाइलीचे म्हणाल, तर पायथॉन 3.3 पासून, म्हणजे 2012 पासून, तिच्यावाचूनही फोल्डर पॅकेज (मॉड्यूलांचा गट) म्हणून चालतो. ती ठेवावी असे माझेही मत आहे, पण 'मॉड्यूल नॉट फाउंड'चे मूळ बहुधा तिथे नसते. समजा, एका प्रकल्पात 'मार्ग' आणि 'भाडे' असे दोन शेजारचे फोल्डर आहेत; 'मार्ग'मधली 'शोध' ही फाइल थेट चालवली, की सिस.पाथच्या पहिल्या जागी 'मार्ग' बसतो. टर्मिनलमध्ये आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत तो नव्हे. शेजारचा 'भाडे' त्यामुळेच दिसत नाही, मग त्यात कितीही इनिट फाइली ठेवा.

अपेंडने तो दिसू लागतो, हे खरे. पण त्यातून याहून वाईट दोष शिरतो. हा प्रकल्प पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, पासांचा आहे असे धरा. मूळ फोल्डर आणि 'भाडे' हे दोन्ही सिस.पाथमध्ये असतील, आणि एका फाइलीने 'भाडे.पास' तर दुसरीने नुसते 'पास' इम्पोर्ट केले, तर एकच फाइल दोनदा लोड होते, कारण सिस.मॉड्यूल्समधली, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलांच्या यादीतली, नोंद नावाने होते. परिणामी 'मासिकपास' नावाचे दोन निराळे क्लास तयार होतात आणि एकाचा ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या इजइन्स्टन्स तपासणीत (हा ऑब्जेक्ट या क्लासचा आहे का, या तपासणीत) 'फॉल्स' ठरतो. दोन्हीकडचा कोड डोळ्यांना बिनचूक दिसत असल्याने यात तासन्‌तास जातात.

रिलेटिव्ह इम्पोर्ट बेभरवशाचे मुळीच नाही. थेट चालवलेल्या फाइलीचे नाव 'मेन' होते आणि तिला पालक पॅकेज उरत नाही, म्हणून ते अडते. मूळ फोल्डरमधून 'पायथॉन -एम मार्ग.शोध' असे, म्हणजे फाइल पॅकेजमधले मॉड्यूल म्हणून, चालवल्यास 'मार्ग'मधले एका टिंबाचे इम्पोर्टही चालते आणि 'भाडे'ही सापडतो. दोन टिंबांनी मात्र 'भाडे' गाठता येणार नाही, कारण 'मार्ग'च्या वर पॅकेजच नाही.

दोन टिंबांचे इम्पोर्ट हवे असेल, तर दोन्ही फोल्डर 'पीएमपी' अशा एका पॅकेजखाली घ्यावेत, पायप्रोजेक्ट.टॉमल ही प्रकल्पाची माहिती देणारी फाइल लिहावी आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथॉनमध्ये) 'पिप इन्स्टॉल -ई .' ही प्रकल्प जागच्या जागी इन्स्टॉल करणारी आज्ञा एकदा चालवावी. मग चाचण्या कोणत्याही फोल्डरमधून चालवल्या तरी पॅकेज सापडते, आणि अपेंडच्या ओळी पुसून टाकता येतात.